गाडीवानाचा पाय

गावाचा मुख्य नळ बंद केला तर पुढच्या घरांना पाणी मिळत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. मग मांडीतील मुख्य रोहिणी (धमनी) दोऱ्याने बांधून टाकली तर पायाचे काय होईल?

डिसेंबर १७८५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात जॉन हंटर या शल्यविशारदापुढे हाच प्रश्न होता. रुग्ण ४५ वर्षांचा घोडागाडी हाकणारा. त्याच्या गुडघ्यामागील रोहिणीची भिंत कमकुवत होऊन फुग्यासारखी फुगली होती. हा फुगा फुटला की रक्तस्रावाने मृत्यू ओढवे. म्हणून पुष्कळदा पायच कापत. काही जण फुगा उघडून रोहिणी त्याच्या लगत बांधत; पण तिथली भिंत रोगट असल्याने ती टिकत नसे.

हंटरने वेगळा विचार केला. रोहिणी निरोगी आहे तिथे, म्हणजे मांडीच्या मध्याच्या थोडे खाली, ती बांधायची. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. ईथरचा जाहीर प्रयोग १८४६ मधला.

पाय सडला नाही. फुगा आक्रसत गेला आणि काही आठवड्यांनी रुग्ण घरी गेला.

हे कसे घडले? मांडीची मुख्य रोहिणी जांघेतून खाली उतरते. जांघेपासून काही सेंटिमीटर अंतरावरच तिला एक जाड फांदी फुटते. ही खोल रोहिणी मांडीच्या स्नायूंना रक्त पुरवते आणि तिच्या उपशाखा गुडघ्याभोवतीच्या बारीक वाहिन्यांना जाऊन मिळतात. हंटरची गाठ या फांदीच्या खाली होती. हमरस्ता बंद झाला, तेव्हा रक्त आडवाटांनी गेले आणि त्या वाटा हळूहळू रुंदावल्या.

१७८७ मध्ये तो गाडीवान तापाने वारला. हंटरने त्याचा पाय मिळवून विच्छेदन केले. मुख्य रोहिणी बांधल्या जागी बंद होती, तरी पाय शाबूत होता. मांडीतील ज्या स्नायूंमधल्या बोगद्यात ही रोहिणी बांधली, त्याला आजही 'हंटरचा बोगदा' म्हणतात.

आज अशा फुग्याला बगल देण्यासाठी बहुधा रुग्णाचीच नीला वापरून रक्ताला नवी वाट करून देतात. निसर्गाच्या आडवाटा दर वेळी पुरेशा पडतीलच असे नाही.

वर्गात विद्यार्थ्यांना पावलाच्या वरच्या बाजूला अलगद बोटे ठेवायला सांगा. बहुतेकांना तिथे ठोका लागेल. ते रक्त मांडीतूनच आलेले आहे. नळाची उपमा शिकवताना सोयीची खरी, पण शरीर नळापेक्षा जाळ्यासारखे अधिक आहे.