ज्ञातीचा अधिकार आणि मतदाराचे स्वातंत्र्य

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत पूर्वजांचा गौरव करावा, गुणवंत मुलामुलींचे कौतुक करावे आणि देणगीदारांचे आभार मानावेत, ही चालत आलेली रीत आहे व ती योग्यच आहे. तथापि या अंकात एका अवघड प्रश्नाकडे ज्ञातिबंधु-भगिनींचे लक्ष वेधण्याची परवानगी प्रस्तुत लेखक मागत आहे. निवडणूक जवळ आली की ज्ञातिसभांतून एक सूचना हटकून पुढे येते, ती ही की, ‘आपण सर्वांनी एकगठ्ठा मत द्यावे व सभेने तसा ठराव करावा.’ सूचना करणारांचा हेतु बहुधा चांगलाच असतो. विखुरलेल्या समाजास कोणी पुसत नाही, हा त्यांचा अनुभव खोटा नव्हे. परंतु ठराव करणार सभा आणि तो पाळावयाचा एकेकट्या माणसाने. ज्याला तो पटत नाही त्याने काय करावे? हा प्रश्न आजचा नाही. आपल्या मुंबई इलाख्यात त्याचा इतिहास सुमारे दोनशे वर्षांचा आहे, आणि तो मनोरंजक आहे तितकाच बोधप्रद आहे.

इंग्रजी अंमल स्थिर झाला तेव्हा सरकारने ज्ञातींच्या कारभारात हात न घालण्याचे धोरण ठेविले. १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनाच्या २१ व्या कलमान्वये जातीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी पडू नये, असे ठरले. दुसऱ्याच्या बेकायदेशीर कृत्यामुळे आपल्या जातीस व लौकिकास बाध आला, म्हणून कोणी नुकसानभरपाई मागितली तर तेवढीच फिर्याद चालावी, असा अपवाद ठेवण्यात आला. याचा व्यवहारात अर्थ असा की पंचांनी एखाद्यास पंक्तीबाहेर बसविले, तर त्याने दाद मागण्यास सहसा जागा उरली नाही. त्या काळी वाळीत पडणे म्हणजे काय होते, हे आजच्या तरुणांस सांगावे लागेल. पाणवठा बंद, न्हावी-परीट बंद, मुलीचे लग्न बंद, आणि शेवटी तिरडीला खांदा द्यावयासही कोणी नाही! शिक्षेचा दंडुका दिसत नव्हता, पण तिच्यापुढे तुरुंगही सौम्य वाटावा. पुढे १८५० च्या २१ व्या कायद्याने धर्म सोडल्यामुळे किंवा जातिबहिष्कृत झाल्यामुळे मनुष्याचा मालमत्तेवरील व वारशावरील हक्क बुडणार नाही, असे ठरले. व्यक्तीच्या बाजूने पडलेले हे पहिले मोठे पाऊल होय. त्याने घर राखले गेले. मात्र घराचे दार ठोठावणारा शेजारी काही परत मिळाला नाही.

ज्ञातीचा हुकूम आणि मनुष्याची सदसद्विवेकबुद्धी यांची उघड झुंज मुंबई शहराने १८६१-६२ साली पाहिली. करसनदास मुळजी या गुजराती पत्रकाराने ‘सत्यप्रकाश’ पत्रात वल्लभ संप्रदायाच्या काही महाराजांच्या आचरणावर कडक टीका केली. तेव्हा जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांची अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. खटला उभा राहण्यापूर्वीच भाटिया ज्ञातीच्या काही पुढाऱ्यांनी सभा भरवून ठरविले की, जो कोणी महाराजांविरुद्ध साक्ष देईल त्यास जातीबाहेर टाकावे. ज्ञातीचे ऐक्य राखण्याचाच तो ठराव होता. पण त्याचा परिणाम काय, तर मनुष्याने न्यायासनापुढे शपथेवर खरे बोलू नये! करसनदासांनी या पुढाऱ्यांवर कटाचा आरोप ठेविला आणि मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाने त्यांस दोषी ठरवून दंड केला. मुख्य खटल्यात आपले डॉ. भाऊ दाजी लाड यांनीही निर्भयपणे साक्ष दिली व एप्रिल १८६२ मध्ये मुख्य वादात करसनदासांची बाजू खरी ठरली. ज्ञातीच्या ठरावासही मर्यादा आहे, हे मुंबईने त्या वेळी प्रथम जाहीरपणे ऐकले.

तरीही बहिष्काराचे भय ओसरले नव्हते. पुणे शहराचेच उदाहरण घ्या. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, नामदार गोखले यांच्यासारखी मंडळी होती. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लाविला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध केली आणि ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले व चौकशी झाली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. जी माणसे सरकारला निर्भयपणे जाब विचारीत, ज्यांच्या शब्दास काँग्रेसच्या मांडवात मान होता, त्यांनाही एका पेल्यापुढे ज्ञातीशी तडजोड करावी लागली. यात त्यांची निंदा करण्याचा हेतु मुळीच नाही. रानड्यांनी तर स्वतःपेक्षा स्नेह्यांची अडचण अधिक जाणिली, असेच म्हटले जाते. घरची कार्ये अडली, भिक्षुक मिळेना, की थोरांचीही कोंडी होते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

त्याच सुमारास मोढ वाणी ज्ञातीचा एक अठरा वर्षांचा मुलगा विलायतेस जाण्यासाठी मुंबईत आला. ज्ञातीच्या सभेत त्यास बोलावून जाण्याची मनाई करण्यात आली. त्याने नम्रपणे नकार दिला. शेटजींनी त्यास जातीबाहेर ठरविले आणि त्याला मदत करील किंवा निरोप देण्यास बंदरावर जाईल त्यास सव्वा रुपया दंड फर्माविला. ४ सप्टेंबर १८८८ रोजी तो मुलगा बोटीवर चढला. मोहनदास गांधी हे त्याचे नाव. त्या सव्वा रुपयाच्या भयाने तो थांबला असता, तर देशाचा इतिहास कसा झाला असता, याची कल्पना वाचकांनीच करावी.

एवढ्यावरून ज्ञाति म्हणजे केवळ बेडी, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. १९०१ साली छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले आणि मागाहून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे तेथे उभी राहिली. ज्या मुलास शहरात ओळखीचा मनुष्य नव्हता, त्यास ज्ञातीच्या नावाने छप्पर व दोन वेळचे जेवण मिळाले. २६ जुलै १९०२ च्या आज्ञेने महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेविल्या. एकेकट्याने दार ठोठावून जे उघडले नसते, ते समूहाने उघडले. दुर्बळास व्यक्तिस्वातंत्र्य उपभोगावयाचे असेल तर प्रथम पायाखाली भूमी लागते. ती कित्येकांस समूहानेच दिली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

राजकारणात मात्र प्रश्न अधिक नाजूक झाला. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांस विभक्त मतदारसंघ दिले. १९१९ च्या कायद्याखाली मुंबई कौन्सिलात मराठे व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेविल्या गेल्या, परंतु त्या संयुक्त मतदारसंघांत. १९३२ साली अस्पृश्य वर्गासाठी विभक्त मतदारसंघ जाहीर झाले. महात्माजींचे उपोषण घडले. आणि २४ सप्टेंबर रोजी पुणे कराराने तोडगा निघाला. प्रांतिक कायदेमंडळांत दलित वर्गास १४८ जागा, परंतु निवडणूक सर्वांच्या मतांनी. या कराराविषयी मतभेद आहेत व ते गंभीर आहेत. तरी त्यात उतरलेली एक गोष्ट पुढे राज्यघटनेतही आली. जागा एखाद्या समूहासाठी राखता येईल, पण मतदारयादी समूहांची होणार नाही. घटनेच्या ३२५ व्या कलमान्वये प्रत्येक मतदारसंघास एकच सर्वसामान्य यादी असते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्यास नव्हे तर व्यक्तीस घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. ज्या पुरुषाने समूहाच्या हक्कांसाठी जन्मभर लढा दिला, त्यानेच मताच्या पेटीपाशी मात्र व्यक्तीस उभे केले, ही गोष्ट मननीय आहे.

कायदाही त्याच दिशेने चालत आला. १९४९ साली मुंबई सरकारने बहिष्कारास मनाई करणारा कायदा केला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावरून तो बहुमताने रद्द ठरविला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी तेवढी भिन्नमतपत्रिका जोडली. त्या निर्णयाचा फेरविचार करण्याचा प्रश्न १० फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायालयाने नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला व तो जुलै २०१७ पासून अमलात आला. त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि आपल्या प्रस्तुत विषयाशी निकटचे म्हणजे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ वे कलम. मतदारास किंवा उमेदवारास जातीतून काढण्याची वा बहिष्काराची धमकी देणे, हा त्यात निवडणुकीतील भ्रष्टाचार मानला आहे. धर्म, जात वा भाषेच्या नावाने मते मागण्यासही तेथे बंदी असून २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिचा अर्थ अधिक व्यापक केला.

प्रस्तुत लेखकाने शिक्षकाच्या नोकरीत अनेक निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केले आहे. पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे मनुष्य क्षणभर अगदी एकटा असतो. तेथे पंच नाहीत, सावकार नाही, सासरा नाही. कित्येक वृद्ध स्त्रिया तेथून बाहेर येत तेव्हा त्यांच्या मुद्रेवर काही निराळेच तेज दिसे. वर्षातून इतर कोणत्याही दिवशी त्यांचे मत कोणी विचारीत नसावे. हा एकांत फार मोलाचा आहे आणि तो दिसतो तितका सुरक्षित नाही. पूर्वी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत. मतदान यंत्रे आल्यापासून केंद्रवार आकडे स्पष्ट दिसतात. एकट्याचे मत गुप्त राहते, पण एका वस्तीने काय केले हे लपत नाही. मग पुढारी वस्तीशी सौदा करितो किंवा वस्तीवर रुसतो. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाची बोली लागल्याचे उघड झाले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणूक रद्द केली. गावाने एकमताने केले असे म्हणून ते पचले नाही, हे योग्यच झाले. एकमत आणि गप्प बसविलेले मत यांत फार अंतर आहे.

कोणी म्हणेल, दुसऱ्या ज्ञाति गठ्ठ्याने मते देतात. आपणच विखरून राहिलो तर आपली मुले मागे पडतील. ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिचे उत्तर असे की, ज्ञातीने आपली गाऱ्हाणी एकमुखाने जरूर मांडावीत. वसतिगृहासाठी जागा, शिष्यवृत्ती, दाखल्यांची अडचण, यांचे निवेदन सर्व पक्षांच्या उमेदवारांस द्यावे, त्यांस सभेत बोलावून प्रश्न विचारावेत व त्यांची उत्तरे सभासदांस छापून कळवावीत. येथवर संघाचे काम. त्यापुढचे काम ज्याचे त्याचे. शिवाय ज्याचे मत गृहीत धरले गेले, त्याच्या दारी निवडणुकीनंतर कोणी येत नाही, हाही व्यवहारातला अनुभव आहे.

म्हणून आपल्या कार्यकारी मंडळास नम्र विनंती की, अमुक उमेदवारास मत द्यावे असा ठराव संघाच्या व्यासपीठावर घेऊ नये. आणि निराळ्या मताच्या सभासदास, विशेषतः पतीहून वा पित्याहून निराळे मत असणाऱ्या भगिनीस, कोणत्याही कार्यात उणे लेखू नये. ज्ञातीने हात द्यावा, हात बांधू नयेत. पुढील निवडणुकीपूर्वी सर्वसाधारण सभेत या विनंतीचा विचार व्हावा, एवढेच मागणे आहे.