मसाल्याची ऊन सायडर आणि मजुरीचा हिशेब

आजच्या बोलण्याचा विषय जरा लांबचा आहे, इंग्लंडातला. तिकडं सप्टेंबर ते नोव्हेंबर म्हणजे सफरचंदं उतरवायचे दिवस. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडं सुगी असते, तशी ती त्यांची सुगी. या दिवसांत हवेत गारठा येतो आणि चुलीवर एक पेय चढतं. सफरचंदाची सायडर, तीत थोडी लाल वाइन, आणि आपल्या डब्यातलाच मसाला: दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ.

विषय दारूचा आहे म्हणून पान उलटू नका. या पेल्याच्या गोष्टीत शेतमजुराच्या घरातल्या बाईचा हिशेब दडलेला आहे आणि तो आपल्याला चांगला ओळखीचा आहे.

आधी सायडर म्हणजे काय ते बघू. अमेरिकेत सफरचंदाच्या ताज्या, न आंबवलेल्या रसालाही सायडर म्हणतात. इंग्लंडात मात्र सायडर म्हणजे आंबवलेल्या रसाची हलकी दारू. डेव्हन, सॉमरसेट आणि हेरफर्डशर हे तिचे मुख्य मुलूख. सायडरची सफरचंदं वेगळीच असतात, तुरट आणि आंबट, नुसती खाववत नाहीत. झाडाखाली पडलेली ही फळं वेचायचं काम बायकामुलांचं. मग ती दगडी घाण्यात जायची. जुन्या वाड्यांसाठी चुना मळायची घाणी तुमच्यातल्या काहींनी पाहिली असेल: गोल दगडी चर आणि त्यात बैलानं फिरवायचं दगडी चाक. तिकडं थेट तसाच घाणा असायचा, फक्त बैलाच्या जागी घोडा. त्यात फळांचा लगदा व्हायचा. गव्हाच्या काडावर लगद्याचे थर रचायचे आणि वरून दाब देऊन रस काढायचा. तो लाकडी पिंपात भरला की सालीवरच्या आणि हवेतल्या खमिरानं आपोआप आंबायचा. उरलेल्या चोथ्यावर पाणी ओतून पुन्हा दाबलं की पातळ, कमी कसाची सायडर निघायची. चहाच्या चोथ्यावर दुसऱ्यांदा पाणी उकळावं, तसलाच प्रकार.

ही सायडर ऊन करायची रीत सोपी. जाड बुडाच्या भांड्यात सायडर घ्यायची, हवी तर चवीपुरती लाल वाइन, थोडी साखर किंवा मध, संत्र्याच्या सालीचा तुकडा, दालचिनीची काडी, चार-पाच लवंगा, वरून किसलेलं जायफळ. मंद आचेवर ठेवायचं, वाफ निघू लागली की उतरायचं. उकळी फुटू द्यायची नाही. चुली उघड्या होत्या तेव्हा लोखंडी सळई निखाऱ्यात लाल करून थेट पेल्यात बुडवायचे. चर्र आवाज व्हायचा आणि पेय तापायचं. कुठं कुठं निखाऱ्यात खुपसायला बुटाच्या आकाराचं तांब्याचं भांडंही असे.

इथं एक समज दूर करू. दारू गरम केली म्हणजे तिची नशा उडते, असं बरेच जण म्हणतात. ते खरं नाही. मद्यार्क ७८ अंशाला उकळतो हे बरोबर, पण नुसत्या ऊन केलेल्या पेयात तो बहुतेक सगळा तसाच राहतो. मसाला घातला म्हणून दारूचा काढा होत नाही. पोटुशा बाईनं आणि पोरांनी असलं काही घ्यायचं नसतं. नुसत्या सफरचंदाच्या रसात हाच मसाला घालून तिकडची मुलं पितात, त्यात नशेचा प्रश्नच नाही.

आता मसाल्याकडं येऊ. वाइनमध्ये मसाला घालायची चाल दोन हजार वर्षांची आहे. रोमन लोकांचं एक पाककृतींचं पुस्तक एपिसियसच्या नावानं ओळखलं जातं. त्यातली पहिलीच कृती मध आणि मिरी घातलेल्या वाइनची आहे. केशर आणि भाजलेल्या खजुराच्या बियाही त्यात पडतात. ही मिरी जायची आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून, मुख्यतः केरळातल्या मलबारातून. रोमचा लेखक प्लिनी कुरकुरतो, की मिरीत ना गोडवा ना रूप, तरी लोक सोन्याचांदीसारखी वजनावर ती विकत घेतात.

पुढं मध्ययुगात इंग्लंडच्या राजवाड्यात जेवणानंतर मसाल्याची वाइन पाचक म्हणून द्यायचे. हिपोक्रेट्स या ग्रीक वैद्याच्या नावावरून तिला हिपोक्रास म्हणायचे, आणि ती गाळायची कापडी पिशवी म्हणजे 'हिपोक्रेट्सची बाही'. राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास नोंदवलेल्या कृतींत ही वाइन आहे. दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ, वेलदोडा, सगळं तीत आहे. हे सगळं समुद्रापलीकडून यायचं, म्हणून ते श्रीमंताचं पेय होतं. गरिबाच्या घरी सायडर असायची, मसाला नसायचा.

गरिबापर्यंत हा मसाला पोचला तो युरोपच्या जहाजांनी थेट पूर्वेचे रस्ते धरल्यावर. पण तो स्वस्त झाला म्हणजे फुकट झाला असं नाही. जायफळ त्या काळी जगात फक्त बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर पिकायचं, आजच्या इंडोनेशियात. १६२१ साली डच कंपनीच्या सैन्यानं ती बेटं जिंकली. बेटांवरचे हजारो लोक मारले गेले, उपासमारीनं मेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. मग बाहेरून गुलाम आणून जायफळाच्या बागा पिकवल्या. पेल्यावर किसलेल्या त्या चिमूटभर जायफळाची किंमत पिणाऱ्यानं दिली नव्हती, दुसऱ्याच कुणी दिली होती.

पुढं सायडरच्या बाबतीतही हेच घडलं. पण त्याआधी तिची चांगली बाजू सांगते. सायडरच्या मुलखात जानेवारीत 'वासेल' नावाचा सण करतात. 'बरे राहा, धडधाकट राहा' असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. रात्री सगळं गाव सफरचंदाच्या बागेत जमतं. सगळ्यांत जुन्या झाडाच्या मुळाशी सायडर ओततात, सायडरमध्ये भिजवलेला पाव फांद्यांवर ठेवतात, गाणी म्हणतात, बंदुकीचे बार काढतात. पुढच्या वर्षी झाड भरभरून यावं, एवढंच मागणं. १७५२ साली इंग्लंडनं दिनदर्शिका बदलली, पण सॉमरसेटमधल्या कारहॅम्प्टन गावानं जुनी तिथी सोडली नाही. तिथं आजही १७ जानेवारीला वासेल होतो. शेतातल्या झाडाला नैवेद्य दाखवणाऱ्या आपल्याला यात परकं काहीच वाटू नये. त्या रात्री गरीब माणसं मोठा लाकडी वाडगा घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरायची आणि घरधनी तो भरायचा. ऊन पेय, भाजलेलं सफरचंद, वर जायफळ. वर्षातून एकदा मालक आणि मजूर एकाच वाडग्यातून प्यायचे.

एक दिवस सणाचा. उरलेल्या दिवसांचं काय?

उरलेले दिवस सायडर शेतात जायची, आणि ती पाहुणचाराची नसायची. ती मजुरीचा भाग असायची. डेव्हन, सॉमरसेट, हेरफर्डशर इथं शेतमजुराला रोख पैशांबरोबर रोज तीन-चार पाइंट सायडर ठरलेली असे. पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. कापणीच्या दिवसांत त्याहून अधिक. मजूर लहानसं लाकडी पिंप खांद्याला अडकवून कामावर जायचा. कामाला येणाऱ्या पोरांनाही त्यांचा वाटा मिळायचा.

मालकाला हे परवडायचं. चांगली सायडर बाजारात विकायची आणि आंबलेली, पातळ, न खपणारी मजुराला द्यायची. घरचीच असल्यानं पदरचे पैसे जात नव्हते, आणि मजुरीचे रोख पैसे तेवढे कमी द्यावे लागायचे.

आता हाच हिशेब घरातल्या बाईच्या बाजूनं मांडा. मजुरीतली नाणी घरी येतात. त्यांतून पाव येतो, भाडं जातं, पोराला बूट येतात. सायडर मात्र घरी येत नाही. ती बांधावरच संपते, तीही नवऱ्याच्या पोटात. म्हणजे मजुरीतला तेवढा भाग बायकोच्या आणि मुलांच्या वाट्याला कधीच आला नाही. जो घेत नाही, त्यानं बदली पैसे मागितले तरी मिळतीलच याचा भरवसा नाही. एडवर्ड गर्डलस्टोन नावाचे पाद्री १८६२ साली डेव्हनमधल्या हॅलबर्टन गावात आले. तिथल्या मजुराला आठवड्याला आठ-नऊ शिलिंग आणि वर सायडर मिळते, आणि बऱ्याचदा तीही आंबूस, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी ते जाहीरपणे बोलायला आणि लिहायला सुरुवात केली. गावचे जमीनदार चिडले. मग गर्डलस्टोन यांनी मजुरांना, कुटुंबांना जास्त मजुरी देणाऱ्या उत्तरेकडच्या जिल्ह्यांत पाठवायची व्यवस्था केली. अशी शेकडो माणसं गेली. ज्यांना कधी आपला तालुकाही ओलांडायचा प्रसंग आला नव्हता, त्यांची गाडीत बसवण्यापासून सोय करावी लागली.

आणि त्या फुकटच्या सायडरमध्ये आणखी काय होतं? डेव्हनमध्ये पिढ्यान् पिढ्या एक दुखणं होतं. पोटात भयंकर कळा, बद्धकोष्ठ, हातपाय लुळे पडणं. सायडरचा हंगाम आला की ते वाढायचं. लोक म्हणायचे, सायडर आंबट आहे म्हणून होतं. १७६७ साली जॉर्ज बेकर या डॉक्टरनं, जो स्वतः डेव्हनचाच होता, एक साधा प्रश्न विचारला: सायडर तर हेरफर्डशरमध्येही पितात, मग तिथं हे दुखणं का नाही? त्यानं दोन्हीकडच्या सायडरची तपासणी केली. डेव्हनच्या सायडरमध्ये शिसं सापडलं, हेरफर्डशरच्या नाही. डेव्हनमध्ये घाण्यांच्या आणि दाबयंत्रांच्या दगडांचे सांधे शिशानं भरलेले असायचे, काही ठिकाणी आतून शिशाचा पत्रा असायचा. आंबट रसानं ते शिसं खाल्लं आणि पेल्यात आणलं.

ही गोष्ट तुम्हाला कुणी वेगळी शिकवायला नको. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. बेकरचं म्हणणं मालकांना रुचलं नाही, आमच्या सायडरची बदनामी झाली असा ओरडा झाला. पण हळूहळू घाण्यांतलं शिसं निघालं आणि दुखणंही ओसरलं.

मजुरीतली सायडर निघायला मात्र आणखी शंभरच्या वर वर्षं गेली. कारखान्यांतल्या कामगारांना मालाऐवजी रोख मजुरी द्यावी, असा कायदा १८३१ सालीच झाला होता. शेतमजूर त्यात धरले नव्हते. १८७२ साली वॉरिकशरमध्ये जोसेफ आर्च नावाचा शेतमजूर एका चेस्टनटच्या झाडाखाली जमलेल्या लोकांपुढं बोलला आणि त्यातून शेतमजुरांची देशभरची संघटना उभी राहिली. शेवटी १८८७ च्या कायद्यानं शेतमजुरालाही संरक्षण दिलं. मजुरीशिवाय अन्न, घर, नशा न आणणारं पेय द्यायला मुभा राहिली. पण दारू मजुरीत धरायची नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं.

कायदा झाला म्हणून चाल एका दिवसात मोडली नाही. 'मजुरी वेगळी, ही आमच्याकडून वरकड' असं म्हणत मालक पुढं बरीच वर्षं सायडर देत राहिले. आणि खरं सांगायचं तर कित्येक मजुरांनाही ती हवीच होती. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला दुपारचा घोट कोण नको म्हणेल? पण आता फरक पडला होता. पेला हा मजुरीचा भाग आहे, असं म्हणायचा हक्क मालकाकडं उरला नाही. नाणी पूर्ण घरी यायला लागली.

आपल्या देशातही १९४८ च्या किमान वेतन कायद्यानं मजुरी रोखीत द्यायचा नियम घातला. महाराष्ट्रात गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी 'आडवी बाटली'ला मत दिलं तर दारूचं दुकान बंद होतं. हे हक्क कागदावर आहेत. ते वापरायला मात्र हिशेब विचारावा लागतो.

सणाला वाडगा फिरवणं वेगळं आणि कष्टाच्या दामातून वाडगा वजा करणं वेगळं. इंग्लंडातल्या त्या बायांना हा फरक घरखर्च भागवताना कळत होता, कायद्याला कळायला १८८७ साल उजाडावं लागलं. तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक प्रश्न जरूर घ्या. ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामाला जाणाऱ्या आपल्या माणसांना उचल किंवा मजुरी देताना मुकादम बाटलीचे पैसे कापून घेतो का? घेत असेल, तर किती? आकडा वहीत लिहा. पुढचं बोलणं त्या आकड्यावरून सुरू होईल.