पटकीचे जंतू व किनारी सागरजल
पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनमधील साथीत दाखवून दिले. त्याच वर्षी फीलीप्पो पाचीनी यांनी रोग्यांच्या आतड्यांत स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू (व्हिब्रिओ कॉलेरी) पाहिले. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्ता येथे ते वेगळे केले. या जंतूंचे वसतिस्थान मानवी आतडे हेच होय, असा समज पुढे रूढ झाला. तथापि दोन साथींमधील काळात ते कोठे असतात, याचा उलगडा त्यामुळे होत नव्हता.

रिटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेतील चेसापीक उपसागराच्या मचूळ पाण्यात या जातीचे जंतू आढळले (१९७७). तेथे पटकीची साथ नव्हती. प्रतिकूल परिस्थितीत हे जंतू जिवंत असूनही नेहमीच्या संवर्धन माध्यमात वाढत नाहीत, असे १९८२ मध्ये दिसून आले. पाण्यातील कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्राणिप्लवकांना ते चिकटून राहतात, हे पुढील वर्षी प्रसिद्ध झाले. खाड्या व किनारी जल हे त्यांचे नैसर्गिक आश्रयस्थान ठरले.

या ज्ञानाचा उपयोग बांगला देशातील मतलब भागात करण्यात आला. सरपणाच्या टंचाईमुळे तेथे पाणी उकळणे अनेकांना परवडत नसे. जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्यांतून पाणी गाळल्यास प्लवक व त्यांना चिकटलेले जंतू अडतात. अशा गाळणीमुळे पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र सुटे जंतू कापडातून पार होत असल्याने गाळणे हा उकळण्याला पूर्ण पर्याय नव्हे.