आजोबांना पेसमेकर आहे? मग त्यांचा मोबाईल कोणत्या खिशात ठेवायचा?

अमरावती असो की अकोला, घरातली मोठी माणसं मोबाईल ठेवतात शर्टाच्या वरच्या डाव्या खिशात. पेसमेकरही बहुतेक वेळा तिथेच, छातीच्या डाव्या बाजूला कातडीखाली बसवलेला असतो. अडचण इथेच आहे.

कोणतं उपकरण काय करतं?

पेसमेकर: ठोके मंदावले की वायरमधून हृदयाला हलका विद्युत संकेत देतो. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनच्या आर्ने लार्सन यांचा. तो काही तासांतच बंद पडला. पण पुढे वीसहून जास्त पेसमेकर बदलत ते ८६ वर्षं जगले.

आयसीडी: ठोके जीवघेण्या वेगाने पडू लागले की शॉक देऊन ताळ्यावर आणतं.

अ‍ॅब्लेशन: ही प्रक्रिया आहे. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन गडबड करणारा छोटा भाग निकामी करतात. आत काही बसवत नाहीत, त्यामुळे मोबाईलचा प्रश्नच नाही.

मोबाईलने नेमकं काय होतं?

पेसमेकर आणि आयसीडी चुंबक ओळखतात. ही डॉक्टरांसाठी मुद्दाम दिलेली सोय आहे. चुंबक जवळ आला की पेसमेकर साधारणपणे एका ठरावीक गतीने चालतो, आणि आयसीडी शॉक देणं थांबवतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आयफोन १२ रुग्णाच्या छातीजवळ धरला, तेव्हा आयसीडी असंच थांबलं. फोन दूर नेला की उपकरण पूर्ववत होतं. पण नेमके तेवढ्याच वेळात ठोके बिघडले तर?

घरी एवढं करा

- फोन उपकरणापासून किमान १५ सेंटीमीटर दूर; वायरलेस चार्जिंग सुरू असेल तर ३० सेंटीमीटर.
- फोन पँटच्या खिशात, बोलताना उजव्या कानाला.
- चुंबकाचं कव्हर आणि इअरबड्सची डबीही छातीपासून लांब.
- उपकरणाचं अ‍ॅप असेल तर त्याच्यासाठी बॅटरी सेव्हर बंद करा, नाहीतर डॉक्टरांकडे माहिती जाणार नाही.
- उपकरणाचं कार्ड कायम सोबत. त्याचा फोटो तुमच्या मोबाईलमध्येही ठेवा.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसवण्याचा समावेश आहे. २०१२ मध्ये ही योजना वेगळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

मोबाईल वापरणं बंद करायची गरज नाही. फक्त खिसा बदला. आज घरी गेल्यावर आजोबांचा खिसा बघाच.