पायथनची पॅकेजे : कंपाइल कोणी करायचे?

पायथनमध्ये पॅकेज इन्स्टॉल करण्याची सर्वमान्य रीत २००० साली 'डिस्टयूटिल्स'मुळे आली. ग्रेग वॉर्ड यांनी रचलेल्या या साधनात लेखकाने 'सेटअप डॉट पीवाय' ही फाइल लिहायची आणि वापरणाऱ्याने सोर्स कोड उतरवून घेऊन एक कमांड द्यायची, एवढेच होते. एका पॅकेजला दुसरे लागत असेल तर ते ज्याचे त्याने शोधायचे. इन्स्टॉल केलेले पॅकेज काढून टाकण्याची सोयच नव्हती.

२००३ मध्ये रिचर्ड जोन्स यांच्या पुढाकाराने 'पायपीआय' ही मध्यवर्ती सूची सुरू झाली. पुढच्याच वर्षी फिलिप ईबी यांचे 'सेटअपटूल्स' आले. त्यातली 'ईझी इन्स्टॉल' ही कमांड लागणारी इतर पॅकेजेही ओढून आणी. अनइन्स्टॉलचा मात्र तिलाही पत्ता नव्हता. ती उणीव इयन बिकिंग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या 'पिप'ने भरून काढली. प्रत्येक प्रकल्पाची पॅकेजे वेगळी ठेवणारे 'व्हर्च्युअलएन्व्ह'ही त्यांचेच, एक वर्ष आधीचे.

खरी अडचण डाउनलोडची नव्हतीच. निव्वळ पायथनमध्ये लिहिलेले पॅकेज कुठेही चालते. पण नमपायसारख्या पॅकेजचा गाभा सी भाषेत असतो आणि तो त्या त्या यंत्रासाठी कंपाइल करावा लागतो. लिनक्सवर कंपायलर सहसा हाताशी असे, मॅकवर अ‍ॅपलची डेव्हलपर साधने टाकली की भागे. विंडोजवर मात्र काहीच नसे. त्यातही पायथन २.७ हे व्हिज्युअल सी++ २००८ ने बांधलेले, म्हणून पॅकेजलाही तोच जुना कंपायलर हवा. तो नसला की 'व्हीसीव्हार्सऑल डॉट बॅट' ही फाइल सापडत नसल्याचा संदेश येई, आणि नवशिक्याला त्यातून काहीही कळत नसे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्रयोगशाळेतले ख्रिस्तोफ गोल्के यांनी विंडोजसाठी शेकडो पॅकेजे कंपाइल करून आपल्या पानावर ठेवली होती. कित्येक वर्षे विंडोजवरचे वैज्ञानिक पायथन बऱ्याच अंशी या एका माणसाच्या भरवशावर चालले, असे म्हणायला हरकत नाही. मायक्रोसॉफ्टने केवळ पायथन २.७ साठी मोफत कंपायलर दिला तो २०१४ मध्ये.

तोवर दोन उपाय पुढे आले होते. २०१२ च्या 'कोंडा' या पॅकेज मॅनेजरने पायथनबाहेरच्या लायब्रऱ्याही कंपाइल करून सोबत द्यायला सुरुवात केली. दुसरा उपाय डॅनियल होल्थ यांचा 'व्हील' हा फाइलप्रकार. पायथनची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर ही माहिती व्हीलच्या नावातच असते. पिप ते नाव वाचून योग्य फाइल निवडते. कंपाइल करण्याचा भार अशा रीतीने वापरणाऱ्याकडून लेखकाकडे गेला.

गंमत अशी, की व्हीलच्या बाबतीत मागे पडले ते लिनक्स. प्रत्येक वितरणातली सी लायब्ररी वेगळ्या आवृत्तीची, त्यामुळे एकावर बांधलेले दुसऱ्यावर चालेलच याची खात्री नव्हती, आणि पायपीआय लिनक्सची व्हील स्वीकारतच नसे. २०१६ च्या 'मेनीलिनक्स' नियमाने वाट काढली: व्हील सेंटओएस ५ या जुनाट वितरणावर बांधायचे, कारण जुन्या सी लायब्ररीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर चालतो, उलटे मात्र होत नाही.

पिप आणि लिनक्सचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर यांची कुरबुर त्यानंतरही चालू राहिली, कारण दोघेही एकाच पायथनमध्ये फाइली टाकत. डेबियन या लिनक्स वितरणात २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट इन्स्टॉल करायला नकार देते आणि वेगळे एन्व्हायर्नमेंट करायला सांगते. त्याच वर्षीच्या पायथन ३.१२ मधून डिस्टयूटिल्स काढून टाकण्यात आले.