महागडा ध्वनिसंच : किंमत आणि श्रवणसुख

सोयाबीनच्या उत्पन्नावर संसार चालणाऱ्या वाशीम जिल्ह्यातील अनसिंगसारख्या गावात ध्वनिसंचाची जादा किंमत आवाजातून वसूल होते का, हे पाहणे अगत्याचे ठरते.

मानवी कानास साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ कंपनसंख्येचे ध्वनी ऐकू येतात; वयोमानानुसार वरची मर्यादा घटते. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी हा पल्ला सामावून घेते. त्याहून उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण वेगळे ओळखता येते का, याची चाचणी अमेरिकेत मेयर व मोरान यांनी घेतली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर ठरली, म्हणजे नाणेफेकीइतकीच.

वॅटच्या आकड्यांनीही भुलू नये. अॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केल्यास ध्वनिपातळी अवघी ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट भासण्यासाठी सुमारे दसपट शक्ती लागते.

खरा फरक पडतो तो स्पीकर व खोलीमुळे. उघड्या भिंती व फरशी ध्वनी परावर्तित करतात. जाड पडदे, सतरंज्या, गाद्या तो काही अंशी शोषतात. त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा स्पीकरवर करावा. जोडणीस पुरेशा जाडीची साधी तांब्याची तार पुरते.