कोलोरॅडोच्या घळईतले नावाडी

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅन्यन ही घळई वरच्या टोकाच्या लीज फेरीपासून मोजली तर सुमारे ४४६ किलोमीटर लांब भरते. काही ठिकाणी तिची खोली दीड किलोमीटरच्याही पुढे जाते. तिच्यातून होडीने जाण्याचा लेखी इतिहास दीडशे वर्षांहून थोडा अधिक आहे. त्यातली पहिली पंचवीस-तीस वर्षे माणसे भलत्याच होड्यांत बसली आणि भलत्याच दिशेला तोंड करून बसली. हिंमत त्यांच्यापाशी होती, पण पाणी ओळखायला वेळ लागला.

नदी सगळीकडे खवळलेली नाही. लांबच लांब संथ डोह आणि मधेमधे आखूड पण उग्र उतार, अशी तिची चाल आहे. या उतारांना रॅपिड म्हणतात. नदी एकूण जितकी उतरते त्यातला निम्म्याच्या आसपास उतार लांबीच्या जेमतेम दहाव्या हिश्शात उरकतो. याला कारण बाजूचे ओढे. जोराचा पाऊस झाला की एखाद्या उपदरीतून चिखल, गोटे आणि घराएवढाले धोंडे यांचा लोंढा येऊन नदीचे पात्र अर्धेअधिक अडवतो. वरच्या अंगाला पाणी तुंबून डोह होतो आणि उरलेल्या चिंचोळ्या वाटेने ते खाली झेपावते. रॅपिडच्या तोंडाशी गुळगुळीत, खाली निमुळता होत जाणारा पाण्याचा पट्टा दिसतो. तो संपतो तिथून जागच्या जागी उभ्या राहणाऱ्या लाटा सुरू होतात. बुडालेल्या धोंड्यावरून पाणी कोसळते तिथे मागे खड्डा पडतो आणि खालचे पाणी उलटे फिरून प्रवाहाविरुद्ध येते. अशा खड्ड्यात सापडलेली होडी पुढे सरकत नाही, घुसळत राहते किंवा पालथी होते. क्रिस्टल ओढ्याच्या तोंडचा उतार १९६६ पर्यंत फारसा कोणी मनावर घेत नसे. त्या डिसेंबरातल्या एकाच पावसाने तो घळईतल्या सर्वांत धोकादायक उतारांत जाऊन बसला.

घळईच्या आसपास राहणारे हुआलापाई, हावासुपाई, पाययूट, होपी आणि नावाहो लोक नदीचे उतार आणि खाली जाणाऱ्या पायवाटा पूर्वापार ओळखत होते. पोकळ ओंडक्यात बसून नदीच्या शेवटापर्यंत गेलेल्या तियो या तरुणाची कथा होपींमध्ये सांगितली जाते. गोऱ्यांच्या नोंदीत पहिला दावा जेम्स व्हाइट याचा आहे. सप्टेंबर १८६७ मध्ये घळईच्या खालच्या बाजूला कॅलव्हिल येथे, उन्हाने भाजलेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या अवस्थेत त्याला तराफ्यावरून उतरवून घेण्यात आले. तो सगळी घळई पार करून आला की बराच खालून पाण्यात उतरला, हा वाद अजून मिटलेला नाही.

मोहीम म्हणून ठरवून गेला तो मेजर जॉन वेस्ली पॉवेल. भूविज्ञान शिकवणाऱ्या या माणसाचा उजवा हात १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत कोपराखालून गेला होता. १८६९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला आणि शिकागोत बांधलेल्या चार होड्या त्याच मार्गाने वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर स्टेशनवर उतरल्या. २४ मे रोजी दहा माणसे निघाली. चारपैकी तीन होड्या ओक लाकडाच्या, सुमारे २१ फुटी होत्या आणि पुढची एमा डीन तेवढी पाइनची, १६ फुटी होती. होड्या दणकट होत्या, पण त्यांची घडण बंदराच्या पाण्याची होती. तळ गोलसर आणि तळाशी लांब कणा असल्याने अशी होडी सरळ रेषेत झपाट्याने जाते आणि सहजासहजी वळत नाही. बंदरातला हा गुण रॅपिडमध्ये जिवावर बेततो, कारण तिथे क्षणाक्षणाला बाजू बदलावी लागते. भरीस भर म्हणजे वल्ही मारणाऱ्यांची पाठ प्रवाहाकडे असे. समोर काय येते आहे ते त्यांना दिसतच नसे आणि प्रत्येक वल्ह्यागणिक ते धोंड्यांकडे अधिक वेगाने जात.

परिणाम पंधरवड्यातच दिसला. कोलोरॅडोला मिळणाऱ्या ग्रीन नदीवरच्या लोडोर घळईत नो नेम ही होडी धोंड्यावर आपटून फुटली आणि शिध्याचा मोठा वाटा तिच्याबरोबर गेला. दुसऱ्या दिवशी अवशेषांपर्यंत पोचलेली माणसे आनंदाने ओरडली, तेव्हा उंची मोजायचे बॅरोमीटर सापडल्याचाच हा आनंद, असे पॉवेलला वाटले. बॅरोमीटर सापडले होते हे खरे, पण त्याच्या नकळत भरलेले व्हिस्कीचे पिंपही सापडले होते. यापुढे शक्य तिथे होड्या दोर लावून काठाकाठाने सोडायच्या, नाहीतर सामान उतरवून धोंड्यांवरून वाहून न्यायच्या, असा शिरस्ता पडला. हे काम रॅपिडमध्ये उतरण्याहून कष्टाचे होते आणि त्यात दिवस जात. ऑगस्टपर्यंत भिजून बुरसटलेले पीठ, वाळवलेली सफरचंदे आणि कॉफी एवढाच शिधा राहिला. एक जण जुलैतच परत फिरला होता. २८ ऑगस्टला पुढचा उतार पाहून ओरॅमेल आणि सेनेका हे हाउलँड बंधू आणि विल्यम डन यांनी चालत वर जायचे ठरवले. ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. शिव्विट्स पाययूटांनी त्यांना मारले असे मानले गेले, पण संशय मॉर्मन वसाहतींवरही घेतला जातो. उरलेल्या सहा जणांनी तोच उतार काही मिनिटांत पार केला आणि दोन दिवसांत ते व्हर्जिन नदीच्या संगमाला, म्हणजे माणसांच्या वस्तीत पोचले.

१८७१-७२ मध्ये पॉवेल पुन्हा नदीवर आला, तेव्हा त्याने होडीच्या मधोमध खुर्ची बांधून घेतली होती. १८७५ च्या त्याच्या पुस्तकात मात्र दुसऱ्या सफरीतल्या घटना पहिल्या सफरीच्या रोजनिशीत मिसळल्या आहेत आणि दुसऱ्या वेळच्या सोबत्यांची नावे गाळली आहेत. प्रवासवर्णन म्हणून ते वाचावेच, पुरावा म्हणून मात्र इतरांच्या डायऱ्यांशी ताडून घ्यावे लागते.

पॉवेलच्या अनुभवातून धडा घ्यायला वीस वर्षे मिळाली, तरी तो कोणी घेतला नाही. १८८९ मध्ये फ्रँक ब्राउन नदीकाठाने कॅलिफोर्नियापर्यंत रेल्वे नेण्याचा बेत घेऊन आला. त्याच्या होड्या अरुंद आणि हलक्या देवदारी लाकडाच्या होत्या, आणि एकाच्याही अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. १० जुलैला ब्राउन बुडाला आणि पाच दिवसांनी आणखी दोघे बुडाले. त्याचा अभियंता रॉबर्ट स्टँटन मजबूत होड्या आणि जाकिटे घेऊन परतला आणि १८९० मध्ये त्याने पाहणी समुद्रापर्यंत नेली. रेल्वे झाली नाही ती नाहीच.

खरा बदल घडवला तो एका फासेपारध्याने. यूटामधल्या व्हर्नलचा नॅथॅनियल गॅलोवे बीव्हरच्या कातड्यांसाठी ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांवर एकटा-दुकटा फिरे. दोर धरायला दहा माणसे नसल्यामुळे एका माणसाला आवरेल अशी होडी त्याला हवी होती. त्याने ती हलकी आणि सपाट तळाची बांधली, दोन्ही टोके वर उचललेली ठेवली, त्यामुळे ती एका वल्ह्याच्या जोरावर जागच्या जागी फिरे. मग रॅपिडच्या तोंडाशी तो होडीच उलटी करी. पिछाडी पुढे गेली की वल्हवणाऱ्याचे तोंड आपोआप प्रवाहाकडे होई. तो वल्ही ओढी ती प्रवाहाविरुद्ध. होडी पाण्यापेक्षा हळू जाई, समोरचा धोंडा दिसे आणि होडी तिरकी धरून ओढली की ती बाजूला सरके. वेगाने निसटण्याऐवजी वेग मारून वाट निवडायची, एवढीच ही युक्ती आहे. १८९६-९७ च्या हिवाळ्यात तो विल्यम रिचमंडबरोबर अख्खी घळई पार करून गेला. १९०९ मध्ये ओहायोतला उद्योगपती ज्युलियस स्टोन त्याला वाटाड्या म्हणून घेऊन उतरला. निव्वळ हौसेखातर झालेली ही पहिली सफर मानली जाते. आजही वल्ह्यांचा राफ्ट चालवणारे वाटाडे बिकट जागी तोंड प्रवाहाकडे ठेवून मागे ओढतात.

घळईच्या काठावर फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब या भावांनी १९११-१२ मध्ये गॅलोवेच्याच धर्तीच्या होड्यांतून जाताना चलच्चित्रण केले. ती फिल्म एमरी १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत पर्यटकांना दाखवत होता. १९२३ च्या सरकारी सर्वेक्षणाचा मुख्य नावाडीही तोच होता आणि त्या सर्वेक्षणाचा एक हेतू धरणांच्या जागा हेरण्याचा होता. १९२८ मध्ये ग्लेन आणि बेसी हाइड हे नवपरिणीत जोडपे लांब सुकाण्यांच्या सपाट होडीतून निघाले. होडी सामानासकट सरळ तरंगताना सापडली, दोघे सापडले नाहीत.

भाडे घेऊन पाहुण्यांना नेण्याचा धंदा नॉर्मन नेव्हिल्सने सुरू केला. १९३८ च्या उन्हाळ्यात त्याच्या प्लायवुडच्या होड्यांत मिशिगन विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर होत्या. संपूर्ण घळई होडीने पार करणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. वर्तमानपत्रांना बाई नदीत उतरली याचेच अप्रूप होते. त्या दोघी वाटेत वनस्पतींचे नमुने दाबून ठेवत होत्या आणि १९४४ मध्ये त्यांनी ते काम प्रसिद्ध केले.

कयाक याच सुमारास आला. १९४१ मध्ये अलेक्झांडर ग्रँट लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेला, घडी होणारा कयाक घेऊन नेव्हिल्सच्या ताफ्याबरोबर गेला. कयाकवाला मुळातच पुढे तोंड करून बसतो आणि उलटला तरी वल्ह्याच्या एका फटकाऱ्याने बसल्या जागी सरळ होऊ शकतो. तरीही एकही रॅपिड न टाळता कयाकने घळई पार करण्याचा मान मिळायला १९६० उजाडले. तो वॉल्टर किर्शबाउमला मिळाला.

गर्दी आणली ती रबराने. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे फुगवायचे तराफे आणि पुलांखालचे पाँटून स्वस्तात विकायला निघाले. धोंड्यावर आपटले तरी ते फुटत नाहीत, उसळून पुढे जातात. जॉर्जी व्हाइट या बाईने तीन पाँटून शेजारी शेजारी बांधून प्रचंड तराफा केला आणि खर्च वाटून घेऊन सामान्य लोकांना नदी दाखवली. कसलेल्या नावाड्यांनी नाके मुरडली, पण पोहायलाही न येणारी माणसे तिच्यामुळे घळई पाहून आली. १९५५ मध्ये वर्षाला ७० माणसे घळईतून जात, १९७२ मध्ये ती १६,४३२ झाली.

दरम्यान नदीच बदलली. १३ मार्च १९६३ ला लीज फेरीच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे मिटले. पूर्वी मे-जूनमध्ये बर्फ वितळले की लाख क्युसेकचा पूर सहज येई आणि पाणी गाळाने लाल असे. आता गाळ धरणात राहतो आणि खोलातले हिरवट, एरवी थंडगार पाणी वीजनिर्मितीच्या गरजेप्रमाणे सुटते. नदीकाठच्या वाळूच्या पुळणी झिजतात, म्हणून १९९६ पासून अधूनमधून मुद्दाम पूर सोडून पाहिले जातात. घळईच्या आतच आणखी धरणे बांधायचा बेत होता. तो १९६८ मध्ये बारगळला आणि त्यात लाकडी डोरी होड्यांचा पुरस्कर्ता मार्टिन लिटन याचा मोठा हात होता.

१९८३ मध्ये बर्फ अनपेक्षित वेगाने वितळले आणि धरण काठोकाठ भरले. दरवाजांवर प्लायवुडच्या फळ्या चढवून पाणी थोपवावे लागले, सांडव्याच्या बोगद्यांचे काँक्रीट उखडले आणि विसर्ग ९० हजार क्युसेकच्या वर गेला. त्या पुरात केंटन ग्रुआ आणि त्याचे दोन साथीदार लिटनच्या ताफ्यातली एमराल्ड माइल ही डोरी घेऊन रात्री निघाले. क्रिस्टलला होडी पालथी झाली, तिघांनी ती सरळ केली आणि पूर्ण घळई ३६ तास ३८ मिनिटांत पार केली. नेहमीच्या सफरीला एक ते तीन आठवडे लागतात.

आज घळईतून होडीने जायला राष्ट्रीय उद्यानाचा परवाना लागतो. स्वतःच्या होडीने जाऊ पाहणाऱ्यांची प्रतीक्षायादी आठ हजार नावांच्या वर गेली होती, तेव्हा २००६ मध्ये ती बंद करून लॉटरी सुरू झाली. परवाना मिळाला तरी एका माणसाला हौसेखातर वर्षातून एकदाच जाता येते.